सोडाचा निळा डोळा

४ फेब्रुवारी, दुकानातून

सन्माननीय मालकीणबाई,

दचकू नकोस. हो, मीच. आणि हो, कागदावर. फोनवर तुला मी ब्लॉक केलंय आणि तो ब्लॉक काढायचा माझा अजिबात विचार नाही, म्हणून हा खटाटोप. पोस्टात पाकिटाला किती तिकिटं लावायची असं विचारलं तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याच्याकडे भाड्यानं घोडा मागितलाय.

आधी कामाचं बोलतो. सोडाच्या डाव्या डोळ्यात, म्हणजे तुझ्या त्या जगप्रसिद्ध निळ्या डोळ्यात, कॅन्सर आहे. डॉक्टरबाईंनी काल नक्की सांगितलं.

आता रडू नकोस, पुढचं वाच. तुला तो डाग आठवत असेल. निळ्यात एक तपकिरी ठिपका. पप्पा म्हणाले, ‘तीळ आहे, माणसाला असतो, मग कुत्र्याला नको का?’ मग तो वाढला. आईनं तुला फोटो पाठवला आणि तू तो तुझ्या पेजवर टाकलास. वर काय लिहिलंस? ‘आता दोन्ही डोळे मॅचिंग होणार!’ आणि पुढे बदामांची रांग. हजारो लोकांनी लाइक केलं. आम्हीही केलं, खोटं कशाला बोलू. आजोबांपासून आपलं घर दुसऱ्यांचे डोळे तपासून जेवतंय. भिंतीवर डोळ्याचा उभा छेद टांगलाय, हे एवढं मोठं चित्र, बाहुली, पडदा, नसा, सगळं रंगीत. त्याच्या खाली बसून आपण सगळे म्हणालो, वा, रंग बदलतोय, किती छान! एखाद्या गिऱ्हाइकानं येऊन सांगितलं असतं की माझा डोळा निळ्याचा तपकिरी होतोय, तर पप्पांनी त्याला धक्के मारत हॉस्पिटलला नेलं असतं. पण आपला सोडा पडला सुंदर. सुंदर डोळा कोण तपासतो?

आता तो तपकिरी रंग बाहुलीपर्यंत पोचलाय. डोळा कडेनं लाल झालाय आणि उजव्यापेक्षा थोडा मोठा दिसतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत गाठ आहे, गाठीमुळे डोळ्यातलं पाणी तुंबतंय, प्रेशर वाढतंय. छातीचा एक्स-रे काढला, तो साफ आहे, म्हणजे बाहेर पसरल्याचं दिसत नाही. ठिपका लहान होता तेव्हा लेझरनं जाळता आला असता (तेव्हा आपण बदाम टाकत होतो). आता त्यांच्या मते डोळा काढावा. पूर्ण. पापण्या शिवून टाकतात, वर केस येतात. कुत्रा आरामात जगतो.

मला पटलं. मी घरी येऊन सगळं वाचून काढलं, परदेशी कॉलेजांचे पेपरसुद्धा, कळलं तेवढं आणि कळलं नाही तेही. कुत्र्यांना आरशाची काळजी नसते, हे त्यातलं सार.

अडचण एकच. दवाखान्याच्या कार्डावर मालक म्हणून तुझं नाव आहे. पिल्लू असताना जाकिटात घालून तू त्याला घेऊन गेलीस ना, तेव्हाचं. ‘दोनच महिने सांभाळा, मग मी त्याला घेऊन जाते’ असं म्हणून तू शहर सोडलंस, पण कार्डावर अजून तूच. डॉक्टरबाईंचा नियम आहे, मालक हो म्हणाल्याशिवाय त्या अवयव काढत नाहीत. चांगला नियम आहे. फक्त त्यात खरा मालक कोण हे तपासायची सोय नाही.

तेव्हा दवाखान्यात फोन कर आणि ‘हो’ म्हण. एवढंच काम आहे. एका अक्षराचं.

तुझा (नाइलाज आहे),
ढब्बू


११ फेब्रुवारी, दुकान, दुपारची गर्दी ओसरल्यावर

ताई,

‘मालकीणबाई’ वाचून तुला हसू आलं असं आई म्हणाली. म्हणून ते बंद.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज मिळाला. आईला एकच बटण सापडतं, स्पीकरचं. त्यामुळे तो सगळ्या दुकानाला मिळाला. खुर्चीत एक रिटायर्ड बसड्रायव्हर होते, चाचणीची फ्रेम नाकावर, तक्त्यावरची अक्षरं वाचत होते. चौथ्या ओळीवर आले आणि तुझा आवाज घुमला, ‘आई, तो डोळा म्हणजे त्याचा आत्मा आहे गं!’ ते थांबले. पप्पा म्हणाले, ‘वाचा पुढे.’ ते म्हणाले, ‘साहेब, आत्म्यानंतर काय होतं ते विसरलो.’

तुझा आवाज आला की पप्पा एकच काच घेऊन पुसत बसतात. ती काच आता इतकी स्वच्छ झालीय की कुणाला तरी दिसेनाशी होऊन पायाखाली येणार. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तू त्यांना म्हणाली होतीस, ‘हे दुकान नाही, म्युझियम आहे, आणि तुम्ही त्यातली सगळ्यात जुनी वस्तू.’ त्यानंतर तू बॅग उचललीस. ते वाक्य दुकानात राहिलं. मी रोज त्याच्याभोवती झाडू मारतो.

बरं, मुद्दा. मी तुला एक अक्षर मागितलं होतं. तू काय केलंस? दवाखान्यात फोन करून भाषण दिलंस. काल आम्ही तिघं गेलो, मी, पप्पा आणि सोडा, तेव्हा डॉक्टरबाईंनी हात टेकले.

‘तुमच्या ताईंचा फोन होता. त्या म्हणतात, डोळ्यानं दिसत असेल तर काढायचा नाही. आधी त्यांच्या ओळखीच्या लेझरवाल्यांना दाखवायचा. दिसत नसेल तर काढा.’

मी म्हटलं, ‘ताईंना कुत्र्याचं जेवण किती वाजता असतं ते विचारलंत का?’

पप्पांनी मला कोपर मारलं.

त्या म्हणाल्या, ‘मी डोळ्यापुढे हात हलवला तर तो मागे सरकतो. पण इथे तो घाबरलेला असतो, त्याला हाताचा वारासुद्धा लागतो. मला खात्री देता येत नाही. घरी कसं आहे? त्या बाजूनं दिसतं का त्याला?’

आणि पप्पा, आपले पप्पा, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘दिसतं. डॉक्टर, बाकी सगळं तुमचं. दृष्टीचं मात्र आम्हाला विचारा. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलं.’

‘मग मला थांबावं लागेल,’ त्या म्हणाल्या. ‘बघणारा डोळा मालकाच्या मर्जीविरुद्ध मी काढणार नाही. तोपर्यंत प्रेशरचे थेंब देते. पण जास्त थांबू नका, ते दुखतं. कुत्रा सांगत नाही एवढंच.’

म्हणजे झालं काय, की तुझ्या हट्टाला पप्पांच्या अभिमानाची जोड मिळाली. एकमेकांशी न बोलता तुम्ही दोघांनी मिळून त्या मुक्या जिवाला लटकवून ठेवलं. असली टीम मी आजवर बघितली नाही.

आणि तुझा तो प्रश्न! ‘त्याला त्या डोळ्यानं खरंच दिसतं का हे कुणी तपासलं का रे?’ आईच्या हातातल्या फोनमधून मला विचारतेस. ताई, आम्ही चष्मेवाले आहोत. आम्हाला तू विचारतेस, दिसतं का? उद्या न्हाव्याला विचार, केस असतात का. दिसतं! रोज दिसतं! मी घरी आलो की मान तिरकी करून माझ्याकडे बघतो, तीच तुझी फेमस पोज, जिच्या एका फोटोवर तुला त्या जाहिरात कंपनीत नोकरी लागली. न दिसता कोण अशी मान करून बघेल?

तुला खरं काय हवंय ते मला कळतं. निळा डोळा गेला तर पेजचं काय? एक डोळा शिवलेला कुत्रा कॅलेंडरवर कोण टांगणार? नको म्हणूस. आई म्हणाली की तू असं म्हणालीच नाहीस. मला माहितीय तू म्हणाली नाहीस. म्हणायला हिंमत लागते.

थेंब दिवसातून तीनदा घालावे लागतात. मी घालतो. तो माझ्या मांडीवर डोकं ठेवतो आणि थेंब पडला की शिंकतो. हे तुला सांगायचं कारण असं की पेजवर टाकायला तुला काहीतरी मिळावं.

ढब्बू


१९ फेब्रुवारी, दुकान

ताई,

हो आलं का? नाही आलं. बरं.

मी रिकामा बसलेलो नाही. मी ठरवलं की सोडाची आधीच तयारी करून घ्यायची. आळशी डोळ्याच्या मुलांना आपण कशी पट्टी लावतो? चांगला डोळा झाकायचा, म्हणजे दुसरा कामाला लागतो. मी उलटं करायचं ठरवलं. त्याचा निळा झाकायचा, आणि एका डोळ्यावर राहायची सवय ऑपरेशनच्या आधीच लावायची. मस्त आयडिया आहे की नाही? कुठल्याच पेपरात नव्हती. मी जुन्या चामड्याच्या केसमधून पट्टी कापली, इलॅस्टिक लावलं. समुद्री चाचा दिसत होता. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

पट्टी लावून तो आरामात फिरला. जिना चढला, काउंटरखाली गेला, आईच्या हातातला ब्रेड उडवला. काहीच फरक नाही. मी खूश. म्हटलं आता नीट पद्धतशीर बघू, दोन्ही बाजू, जसं आपण गिऱ्हाइकाचं करतो. उजवा, मग डावा. आपला काळा चमचा घेतला, एक डोळा झाकायचा तो, तुझ्या हातून पडून ज्याची दांडी तुटली होती तोच. आणि कापसाचे बोळे. कापूस पडताना आवाज होत नाही, वास येत नाही. हे मात्र पेपरात होतं.

तर तो प्रयोग केला. त्याचं काही विशेष नाही.

दुसरं म्हणजे, दारातला तो फिरता फ्रेम-स्टँड मी हलवलाय. डावीकडून उजवीकडे नेला. गिऱ्हाइकांना जागा मोकळी मिळावी म्हणून. पप्पा ओरडले, आजोबांच्या वेळेपासून तो तिथेच होता म्हणे. मी म्हटलं, म्युझियममध्येसुद्धा वस्तू हलवतात. तुझं वाक्य वापरलं, सॉरी, रॉयल्टी पाठवतो.

दुकानाच्या पाटीबद्दल मी विचार करतोय. त्यावर अजून चष्मा लावलेला सोडा आहे, तुझ्याच फोटोवरून काढलेला. रंगारी म्हणतो ऊन लागून निळा उडालाय, परत भरून देतो. मी नको म्हटलं. बघू.

ताई, ‘हो’ म्हण ना. तुला अटी कशाला हव्यात? ‘दिसत असेल तर’, ‘दिसत नसेल तर’. वकील आहेस का? डॉक्टर काढा म्हणतायत, मी काढा म्हणतोय, त्याच्याजवळ राहणारा माणूस मी आहे. मी म्हणतोय म्हणून तू हो म्हण. त्या डोळ्यानं दिसतं की नाही हा मुद्दाच नाही. असल्या फालतू प्रश्नावर अडून बसू नकोस.

काल तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. डाव्या बाजूनं डोकं भिंतीला दाबून. आई म्हणाली, ‘गार लागतंय म्हणून बसला असेल.’ मी म्हटलं, हो.

ढब्बू


२६ फेब्रुवारी, माळ्यावरून, कारण दुकानात पप्पा आहेत

ताई,

तुला सगळं कळलंय, तेव्हा हे पत्र तसं निरर्थक आहे. पण तुला कळलं ते पप्पांच्या तोंडून, आणि पप्पांनी त्यातलं थोडं खाल्लंय. ते मी ओकतो.

आधी काय झालं ते. परवा दुपारी मी काचा घासायला मागे गेलो होतो. मशीन बंद करून बाहेर आलो तर पप्पा जमिनीवर. त्यांचे गुडघे तुला माहितीयत, लग्नाकार्यात फोटोसाठीसुद्धा ते खाली बसत नाहीत. तर ते फरशीवर मांडी घालून बसलेले, समोर सोडा, आणि पप्पांच्या हातात काळा चमचा. डाव्या डोळ्यावर धरला, वरून कापूस सोडला. सोडानं कापूस पडेपर्यंत त्याच्याकडे बघितलं, मग तो खाल्ला. मग चमचा उजव्यावर, कापूस सोडला. काही नाही. सोडा समोर बघत बसला, मान तिरकी करून. पप्पांनी परत सोडला. काही नाही. मग ते त्याला, गिऱ्हाइकाला म्हणतात ना तसं, हळूच म्हणाले, ‘आता काही दिसतंय का?’

मी तिथेच उभा होतो. त्यांनी वर बघितलं नाही. म्हणाले, ‘तू स्टँड का हलवलास?’

मी हात पुसत राहिलो.

‘ढब्बू, स्टँड का हलवलास?’

‘तो धडकत होता,’ मी म्हटलं.

‘केव्हापासून?’

‘मला मागच्या आठवड्यात कळलं.’

‘हं,’ पप्पा म्हणाले. ‘मला आत्ता.’

तर असं आहे. तो डोळा बघत नाही. कदाचित खूप दिवस बघत नसेल, डाग बाहुलीवर यायच्या आधीपासूनसुद्धा, डॉक्टरबाईंनाही नक्की सांगता येत नाही. ती तिरकी मान, जिच्यावर तुझी नोकरी, पेज, पाटी, सगळं उभं आहे, ती पोज नव्हती. तो आपल्याला उजव्या डोळ्यासमोर आणत होता. आपण ‘ऑऑऑ’ करत होतो. चार चष्मेवाले एका घरात, आणि घरातल्या एकाच आंधळ्या डोळ्याला कुणी विचारलं नाही. शेजारच्या चपलांच्या दुकानातसुद्धा हे आधी कळलं असतं.

तुझा प्रश्न बरोबर होता. झालं? लिहिलं मी. आता फ्रेम करून लाव.

आणि तो बरोबर आहे हे मला ज्या दिवशी कळलं, त्याच दिवशी मी तुला एक अक्षर लिहिलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. तुझी अट तशीच होती, स्पष्ट होती. मी उजवा डोळा झाकून तो कापसाचा प्रयोग केला तेव्हा तो आधी स्टँडवर आदळला, फ्रेम्स पडल्या, मग तो घाबरून माझ्याच पायात शिरला. आणि मी काय विचार केला माहितीय? बिचारा सोडा, असा नाही. मी विचार केला, आता ताई बरोबर ठरणार. म्हणून स्टँड उचलला, दुसरीकडे नेला आणि तुला पत्रात लिहिलं, काही विशेष नाही. तो आठवडाभर भिंतीला डोकं दाबत होता. गार लागत नव्हतं.

आता पप्पांनी काय खाल्लं ते. त्यांनी तुला फोन केला, आईच्या नाही, स्वतःच्या फोनवरून. नंबर पाठ आहे त्यांना, मला माहीतच नव्हतं. काचेआड उभा राहून मी ऐकलं. ‘मी बोलतोय,’ ते म्हणाले. मग, ‘त्याला दिसत नाही गं. मी तपासलंच नव्हतं. तसंच सांगून आलो.’ मग तू काहीतरी म्हणालीस. ते म्हणाले, ‘नाही, तुझं काही चुकलं नाही, डाग मीच तीळ म्हणालो.’ मग तू विचारलं असणार, कारण ते म्हणाले, ‘ढब्बूला? नाही. त्याला कुठून माहीत असणार. त्यालाही आजच कळलं.’

मग तू ‘काढा’ म्हणालीस. एवढंच. भाषण नाही, आत्मा नाही. तुझा तो एक शब्द फोनच्या बाहेर मला ऐकू आला.

आणि मग तुम्ही बोलतच राहिलात! ते तुला विचारत होते, जेवतेस का, खोलीला खिडकी आहे का, तुझा चष्मा अजून तोच आहे का, नंबर वाढला का. पप्पा. जे मला ‘शटर ओढ’ आणि ‘शटर उघड’ याच्या मध्ये काही बोलत नाहीत. मी इथे रोज त्यांच्या शेजारी उभा असतो. मी काचा घासतो, थेंब घालतो, त्यांच्या गुडघ्याला तेल लावतो. तू त्यांना म्हातारी वस्तू म्हणून निघून गेलीस आणि तुझा नंबर त्यांना पाठ. काय करून मिळतं हे? मलाही जायला हवं होतं का?

असो. ऑपरेशन सोमवारी.

ढब्बू


१० मार्च, दुकान

ताई,

रिपोर्ट आला. गाठ डोळ्याच्या आतच होती, कवच फोडून बाहेर गेलेली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘नशीबवान आहे तुमचा.’ अधूनमधून छातीचा एक्स-रे काढायचा, बाकी औषध नाही. टाके काढले. शिवलेल्या जागी केस अजून आले नाहीत, उघडी गुलाबी कातडी आहे, कुणी फुटका फुगा चिकटवल्यासारखी. छान बिलकुल दिसत नाही. तुला खोटं का सांगू.

पण तो भिंतीला डोकं लावत नाही आता. दुसऱ्या दिवशीच थांबलं. काल त्यानं एका बाईंचा चष्मा पळवला, नवाकोरा, अजून पैसेही दिले नव्हते, आणि काउंटरखाली जाऊन चावला. असं त्यानं कितीतरी महिने केलं नव्हतं. म्हातारा झाला म्हणून शहाणा झाला असं आम्ही समजत होतो. शहाणा नव्हता, दुखत होतं. पप्पा त्या बाईंची माफी मागत होते आणि हसत होते, दोन्ही एकदम. त्यांना ते अजिबात जमत नाही.

आता तू आलीस त्या दिवसाबद्दल.

ऑपरेशननंतर तू एका दिवसासाठी आलीस. मी म्हटलं, आली शूटिंगला. तुझ्या खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग होती. मी काउंटरच्या मागून त्या बॅगेवर नजर ठेवून होतो, की उघडली की बोलायचं. माझं वाक्य तयार होतं, चांगलं होतं, तुला लागलं असतं. तू बॅग उघडलीच नाहीस. दारातच ठेवलीस.

सोडा चटईवर होता, गळ्यात टाके खाजवू नयेत म्हणून घातलेला प्लॅस्टिकचा भोंगा, शिवलेली बाजू दाराकडे. तू आवाज न करता आलीस. त्याला सरप्राइज द्यायची तुझी जुनी सवय. चवड्यांवर बसलीस आणि हात पुढे केलास. डावीकडून.

मी बघत होतो. तू कुठल्या बाजूला बसतेयस ते मला पहिल्या क्षणाला कळलं. आम्ही सगळे त्याच्याकडे जाताना लांबूनच हाक मारतो, उजवीकडे वळसा घालतो. आईसुद्धा चुकत नाही. गिऱ्हाइकांना मी दारातच सांगतो, ‘या बाजूनं या, बोलत या.’ अनोळखी माणसांना सांगतो. वाक्य तोंडात होतं. मी ते गिळलं.

तो दचकला आणि वळून त्यानं तुझा हात धरला. दात लागले. तू ओरडली नाहीस. आईनं ओल्या रुमालानं हात बांधला, पप्पा डेटॉल शोधत तीच कपाटं पुन्हापुन्हा उघडत राहिले. आणि तू सगळ्यांना, शांतपणे, हसतच म्हणालीस, ‘बरोबर आहे त्याचं. विसरला मला.’

मी तेव्हासुद्धा बोललो नाही. तू जेवलीस, पप्पांना तुझा चष्मा नीट करू दिलास, दुपारच्या गाडीनं गेलीस. मला ‘येते रे’ म्हणालीस. मी म्हटलं, ‘हं.’

तो विसरला नाहीये. तू गेल्यावर तो उठला, भोंगा सगळीकडे आपटत, आणि तू बसली होतीस ती फरशी हुंगत राहिला. मग दार. मग परत फरशी. आईनं वाटी वाजवली तरी आला नाही. सोडा, वाटी वाजल्यावर आला नाही. मी त्याला उचलून आणायला गेलो तर माझ्यावर गुरगुरला.

तुझ्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तू पळून गेलीस, मी राहिलो, ते तसंच आहे, आणि तुझ्या पेजवरचे ते बदाम मला अजून डोक्यात जातात. पण तू तिकडे कुणाला तरी सांगत असशील की माझा कुत्रा मला विसरला. ते खोटं आहे आणि ते माझ्यामुळे आहे, म्हणून सांगतोय.

पुढच्या वेळी उजवीकडून ये. लांबूनच आवाज करत ये. तुला ते जमतं.

ढब्बू